लंकेला नेलेले लालबागचे नारळ

मागच्या महिन्यात थोरली मुलगी घरी आली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "बाबा, श्रीलंकेला जाऊ या. टूरवाल्यांबरोबर नाही, आपलं आपण. कुठे उतरायचं, कुठे राहायचं, सगळं मी ठरवते. आई गेल्यापासून तुम्ही या खुर्चीतून उठला नाहीत."

ती खोटं बोलत नव्हती. वर्ष होत आलं, मी खुर्चीतच आहे. दूधवाला आला की उठतो, डॉक्टरकडे जायचं असलं की उठतो, परत येऊन बसतो. समोर तिच्या आईची खुर्ची आहे. ती मी रिकामी ठेवलीय. कोणी पाहुणा तिच्यावर बसायला लागला की तोंडावर सांगतो, तिथे नको, खाटेवर बस. लोकांना राग येतो. येऊ दे.

मोबाइलमध्ये समुद्र होता, माड होते, हत्ती होते, डोंगरावर चहाचे मळे होते. मी बघितलं आणि म्हटलं, "कोलंबोला जास्त राहायचं नाही. सकाळच्या आगगाडीने वर कँडीला जायचं. उजव्या हाताच्या खिडकीशी बसायचं, दरी त्या बाजूला आहे."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"तांडेलाने."

"कोण तांडेल?"

तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट पोरींना आम्ही कधी सांगितलीच नाही. दुसऱ्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ही राहिली. म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गावच्या शाळेत. त्यामुळे बोलतो तसंच लिहिणार.

मी गिरणीत साचाखात्यात होतो. कापड विणायच्या यंत्राला आम्ही साचा म्हणतो. राहायला लालबागला चाळीत. पोरींची आई लग्न होऊन सिंधुदुर्गाकडून, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, बोटीने आली तेव्हा भाऊच्या धक्क्यावर मी तिला ओळखलंच नाही. लग्नात तोंडावर मुंडावळ्या होत्या, बघितलं कोणी होतं! तीच पुढे येऊन म्हणाली, "ट्रंक धरा. जड आहे." ही आमची पहिली बोलणी.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चे निघत होते, गोळीबार झाला, लालबाग-परळला संचारबंदी लागली. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटल परळला, चालत जाण्याएवढं जवळ, पण रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. एका शिपायाने काठी आडवी घातली. तिच्याकडे बघितलं, काठी काढली, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत आमच्या पुढे चालत आला. कोणी अडवलं की तोच बोलायचा. त्या दिवसांत आम्ही पोलिसांना शिव्या घालायचो. त्याला मात्र मी आजपर्यंत घातलेली नाही.

मुलगा झाला. रडला नाही. नाळ गळ्याला आवळली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कोणाचं काही चुकलं नाही, असं होतं कधी कधी. कापडात बांधून त्याला माझ्या हातात दिलं. मी आणि चाळीतली दोन माणसं, आम्ही त्याला पुरून आलो. कापड मी उघडलं नाही. उघडायचं असतं की नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

संचारबंदी उठेपर्यंत गावाहून कोणी येऊ शकलं नाही. उठल्यावर आले, तोवर ती उठून चुलीपाशी बसली होती. मग लोकांनीही विषय काढला नाही. लोक वाईट होते म्हणून नव्हे, त्यांना वाटलं आठवण नको. बारसं झालं नव्हतं, नाव नव्हतं. नावच नाही तर रडताना हाक काय मारायची? ती रडलीच नाही. बोलणं मात्र कमी झालं. आधी चाळीच्या नळावर हिचा आवाज तिसऱ्या माळ्यावर ऐकू यायचा. तो बंद झाला.

त्या वर्षी गणपतीला गावी गेलो. प्रत्येक अंगणात बाया आधी हिच्या पोटाकडे बघायच्या, मग तोंडाकडे.

"काय गो, काय आसा काय नाय अजून?"

हिला तो 'अजून' लागायचा. परत येताना बोटीच्या कठड्याला टेकून ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या हिशेबी अजून काही झालंच नाही माझं." आणि पुढे म्हणाली, "शिमग्याला मी येणार नाही. मे महिन्यातही येणार नाही."

गिरणगावातल्या माणसाला हे ऐकायला विचित्र वाटेल. आमची रजा म्हणजे गाव. दुसरीकडे जायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

पुढे सत्याग्रहात मी पकडला गेलो. ज्या कोठडीत घातलं तिथे माझ्या शेजारी एक म्हातारा कोळी होता. कफ परेडच्या टोकाला, आता मच्छीमार नगर म्हणतात त्या बाजूचा. सगळे त्याला तांडेल म्हणायचे, म्हणजे होडीचा म्होरक्या. तरुणपणी मात्र तो मोठ्या बोटीवर खलाशी होता आणि कोलंबोच्या फेऱ्या करून आला होता. आत वेळ जाता जात नाही. बाकीचे घोषणा देऊन घसा बसवून घ्यायचे आणि हा आपला लंका सांगत बसायचा.

"काय रं कोकण्या, लंकेला रावण हाय असं तुला वाटतं ना? रावण नाय. लय साधी माणसं हान. आपल्यासारखाच भात खातात नि मासली खातात."

सुटून घरी आलो. ही भाकऱ्या थापत होती. आत काय झालं, मारलं का, जेवायला काय देत होते, काही विचारलं नाही. मला गप्प बसवेना म्हणून मी आपला तांडेलाची लंका सांगायला लागलो. तिथला समुद्र, तिथले माड, डोंगरातली आगगाडी. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "तिथे आपलं कोणी आहे का?"

"लंकेत? आपलं कोण असणार?"

"म्हणजे ओळखीचं कोणीच नाही?"

"कोणी नाही."

"मग तिथे जाऊ या," ती म्हणाली.

मला हसू आलं. तिच्याकडे बघितल्यावर हसू गेलं. कित्येक महिन्यांनी तिने काहीतरी मागितलं होतं. चंद्रावर जाऊ म्हणाली असती तरी मी विचारायला गेलो असतो की शिडी कुठे मिळते.

तेव्हापासून रविवारी आम्ही तांडेलाकडे जायला लागलो. ट्रामने म्युझियमपर्यंत, तिथून चालत. त्याची झोपडी पाण्याला लागूनच. समोर होड्या ओढून ठेवलेल्या, बाजूला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. आमची कोकणातली नाकं, आम्हाला वासाचं काही नाही. उलट तिने पहिल्या दिवशी खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "हे बरं आहे."

तांडेलाने काठीने वाळूत लंका काढली. कैरीसारखी, वर देठ, खाली पोट. इथे कोलंबो, म्हणून शिंपला ठेवला. इथे कँडी, तिथे बुद्धाच्या दाताचं देऊळ, म्हणून गोटा ठेवला. आणि वरती देठापाशी, जिथे आपल्या धनुष्कोडीहून येणारी बोट लागते, तिथे एक बोंबलाचं डोकं ठेवलं. कावळ्याने ते लगेच उचलून नेलं.

"गेली तुमची बोट," तांडेलीण झोपडीच्या दारातून म्हणाली. तांडेलीण म्हणजे त्याची बायको, धिप्पाड म्हातारी, विडी ओढायची.

ठरवणं सगळं हिने केलं. मुंबईहून मद्रास, मद्रासहून धनुष्कोडी, पुढे बोट, पलीकडे पुन्हा आगगाडी. कोलंबोत दोन दिवस, डोंगरात दोन दिवस, मग नुसतं समुद्राकाठी. मी म्हटलं, समुद्राकाठी कशाला, समुद्र इथे आहेच की. ती म्हणाली, "इथल्या समुद्राकाठी मला संध्याकाळच्या भाकऱ्या दिसतात."

पण सवय सुटत नाही. पुढच्या रविवारी ती म्हणाली, स्टोव्ह न्यायला हवा, तवा न्यायला हवा, सोबत सुकट आणि कोकमं. तांडेल काठी टाकून हसायला लागला. "अगो पोरी, तिथे खानावळी हान! नारळाच्या दुधात भात शिजवतात, वड्या पाडून देतात. वर मासलीची कढी."

"म्हणजे आपल्यासारखंच. मग तिकडे जाऊन वेगळं काय खायचं?"

"वेगळं काय नाय. फक्त रांधायचं दुसऱ्यानं."

ती ट्राममध्ये बसल्यावर एकटीच हसली आणि म्हणाली, "रांधायचं दुसऱ्यानं." आठवडाभर ती हे मधूनमधून म्हणायची. चाळीतल्या नळावर तिचा आवाज पुन्हा थोडा थोडा यायला लागला.

मग मी फोर्टात एका कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने मला बसायला सांगितलं, हे आधी लिहितो, कारण तसं कोणी सांगत नसे. तो म्हणाला, लंका आता परदेश आहे, पासपोर्ट लागेल, पोलीस चौकशी होईल. "कधी पकडले गेला होता का?"

"महाराष्ट्रासाठी," मी म्हटलं.

तो हसला. "मग वेळ लागेल हो. मे महिन्यात काही जमत नाही."

मला वाटलं, आता ही पुन्हा चुलीपाशी जाऊन बसणार. पण ती शांतपणे म्हणाली, "धनुष्कोडी आपल्यातच आहे ना? तिथपर्यंत तर कोणी अडवत नाही?"

"पण तिथून लंका दिसत नाही. तांडेलाला विचारलंय मी."

"नाही दिसली तर नाही दिसली. त्या बाजूला तोंड करून बसू. तिथेही ओळखीचं कोणी नाही."

मला वाटतं, त्या क्षणी मला कळलं की हिला लंका बघायची नाहीच. हिला असे चार दिवस पाहिजेत, ज्यात तिच्या पोटाकडे कोणी बघणार नाही. ते मिळवून द्यायचे, मग गाव कुठलंही असो, असं मी मनाशी पक्कं केलं.

रजा मागायला जॉबरकडे गेलो. जॉबर म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, आमच्याच तालुक्यातला.

"गावाक जातंस?"

"नाही. धनुष्कोडीला."

"थंय कोण मेला?"

"कोणी नाही."

"लगीन?"

"नाही."

"मगे?"

"फिरायला."

त्याने कानातली विडी काढली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कानात ठेवली. "फिरूक? माझ्या जन्मात अशी रजा कोणी घेतलेली नाय. सायबाक काय सांगू? ह्येच्या बायलेक हवा व्हई, असा सांगू?" आजूबाजूचे साचेवाले हसले. मग तो जरा विचार करून म्हणाला, "धनुष्कोडी म्हणजे रामेश्वरच ना? बाजूक बाजू. मगे देवदर्शन म्हणान सांगतंय. देवाक कोण नाय म्हणत नाय."

रजा मिळाली. मी खूश. संध्याकाळचा भोंगा झाला, मी घरी पोहोचायच्या आधी बातमी चाळीत पोहोचली होती.

आता रामेश्वर म्हटल्यावर आमच्या माणसांच्या डोक्यात काय येतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. लोक तिथे मूल मागायला जातात. मूल होत नसलेलं जोडपं रामेश्वराला निघालं, तर त्याचा दुसरा अर्थ चाळीत कोणी लावणारच नाही.

मी जिना चढून आलो तर आमच्या दारात चपलांचा ढीग. आत बाया बसलेल्या. हिला पाटावर बसवून ओटी भरणं चाललं होतं. खण, तांदूळ, नारळ. एक झाली की दुसरी. नारळांची रास लागली. शेजारची काकी सगळ्यांत पुढे. ही काकी म्हणजे हिची मुंबईतली आईच. संचारबंदीत पेज करून हॉस्पिटलात कशी पोहोचवली ते तिचं तिलाच ठाऊक. ती हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "बरां केलंस गो बाय. रामेश्वर रिकामी ओटी परत धाडणा नाय. बघ, वर्साभरात पाळणो हलतलो." आणि तिने कमरेला खोचलेलं एक झबलं काढलं. जुन्या मऊ लुगड्याचं, हाताने शिवलेलं. "ह्या देवाच्या पायाक लाव आणि परत हाड."

हिने ते दोन्ही हातांत घेतलं. हसून घेतलं. सगळ्यांच्या पाया पडली, चहा केला, सगळ्यांना पोहोचवायला दारापर्यंत गेली. मग दार लावलं आणि नारळांच्या राशीपाशी बसली.

"मी जात नाही," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी तोंडाचा फटकळ, आजही आहे. म्हटलं, "आत्ता जाऊन सांगतो एकेकीला. आम्ही भीक मागायला जात नाही. आमची मर्जी, आम्ही फिरू नाहीतर उलटे टांगून घेऊ." दाराच्या कडीला हात घातला.

"काही सांगू नका." ती झबल्याच्या बाहीत बोट घालून बसली होती. बाही एवढी लहान की दोनच बोटं जायची. "रागाने आणलं असतं तर मी फेकून दिलं असतं. मायेने आणलंय हो सगळ्यांनी. त्याचंच ओझं होतंय. तिथे देवळापुढून जाताना मला आता समुद्र दिसायचा नाही. मागणंच दिसेल. आणि आधीचा जो होता तो..."

 पुढचं मी विचारलं नाही.

रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठली. ट्रंक भरलेली होती. वळकटी बांधलेली होती. मला वाटलं मन बदललं. चाळ निरोप द्यायला जिन्यापर्यंत आली. काकीने आमच्या हातावर दही ठेवलं. पोरं ट्रंक उचलायला धावली आणि तोंड वाकडं करून खाली ठेवली, एवढी जड.

रस्त्यावर आलो. मी म्हटलं, "बोरीबंदर ना?"

"नाही. म्युझियमची ट्राम."

"अगं पण..."

"लंका तिथेच काढली होती ना आपण? वाळूत. तिथेच जाऊ."

तांडेलाने आम्हाला ट्रंकेसकट येताना बघितलं आणि काही विचारलं नाही. शेजारच्या होडीवाल्याची रिकामी झोपडी झाडून दिली. तांडेलीण हिला म्हणाली, "चुलीकडं आलीस तर पाय मोडीन. रांधायचं मी." ते 'रांधायचं दुसऱ्यानं' तांडेलाने तिला सांगितलेलं दिसत होतं.

आणि मग ते दिवस आम्ही हिने ठरवले होते तसेच काढले. पहिले दोन दिवस कोलंबो. म्हणजे तिने कफ परेडपासून अपोलो बंदरापर्यंत मला चालवलं, बोटी बघितल्या, आणि परक्या मुलखातल्या बाईसारखं एका माणसाला विचारलं, "भाऊ, हे कुठलं बंदर?" त्याने आम्हाला खेडवळ समजून सगळी मुंबई समजावून सांगितली. मुंबईत इतकी वर्षं राहून आम्ही ती तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग दोन दिवस डोंगर. ते म्हणजे मलबार हिलवर चढून बागेत बसणं. उजव्या हाताला बसायचं यावर ती अडून बसली. उजव्या हाताला खरंच दरीसारखं होतं आणि खाली चौपाटीचं वळण. तिथे एका बाकावर ती माझ्या खांद्याला टेकून झोपली. दिवसाढवळ्या, लोकांत! मी हललो नाही. खांदा बधिर झाला तरी हललो नाही.

मग उरलेले दिवस, ठरल्याप्रमाणे, नुसतं समुद्राकाठी.

एका दुपारी मी होडीच्या सावलीत जाळ्यांच्या ढिगावर पडलो होतो. डोळे अर्धवट मिटलेले, झोप नव्हती. पलीकडे वलांडीखाली ही आणि तांडेलीण बसल्या होत्या. तांडेलीण वाळलेले बोंबील काढत होती आणि ही नुसती बसली होती. रिकाम्या हातांनी बसलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघत होतो.

तांडेलीण सहज म्हणाली, "पोरं किती गो तुला?"

 एवढ्या लांबून लांबून टाळत आलो आणि शेवटी इथेही तोच प्रश्न. उठून काहीतरी बोलणार होतो.

"एक," ही म्हणाली.

मी तसाच पडून राहिलो.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगा. गेला. जन्मतानाच."

"अगो बाय." तांडेलिणीचे हात थांबले. विडी विझली होती ती तिने कानाला अडकवली. ती हिला म्हणाली नाही की होईल दुसरा. म्हणाली, "बघितलास काय त्याला? कसा होता?"

आणि ही सांगायला लागली. थांबेचना. केस खूप होते, म्हणाली, काळे, ओले, कपाळावर चिकटलेले. नाक माझ्यासारखं बसकं होतं. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती आणि उजवी उघडी. नर्सने तिच्या छातीवर थोडा वेळ ठेवला होता. ऊब होती अजून, म्हणाली, माझीच असेल, पण ऊब होती. कानाच्या मागे बारीक तीळ होता.

हे सगळं मला माहीत नव्हतं. मी त्याला कापडात नेलं आणि मातीत ठेवलं. त्याला केस होते हे मला त्या दुपारी, जाळ्यांवर पडून, समजलं. मी तोंड जाळ्यात घातलं. माशांचा वास होता, ते बरं झालं.

मग ती रडली. तांडेलिणीच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली, पार होड्यांपर्यंत आवाज. तांडेलीण तिला गप्प करत नव्हती. बोंबील कावळे नेत होते, तिकडेही बघत नव्हती.

सगळं शांत झाल्यावर तांडेलीण म्हणाली, "त्या ट्रंकेत दगड भरून आणलेत काय? परवा सरकवली तर कंबर गेली."

"नारळ आहेत," ही म्हणाली. "ओटीचे. रामेश्वराला वाहायचे म्हणून दिलेत सगळ्यांनी. चाळीत ठेवून येता येईना."

"कोणाच्या नावाचे?"

"होणाऱ्याच्या."

"नि झालेल्याचा कुठला?"

ही उठली. ट्रंक उघडली. नारळ हातात घेऊन घेऊन बघितले आणि एक निवडला, शेंडीवाला. "हा केसाळ आहे," म्हणाली आणि रडतारडता हसली. मला म्हणाली, "चला." म्हणजे मी जागा आहे हे तिला माहीत होतं. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात गेलो. नारळी पौर्णिमेला कोळी सोडतात तसा तो आम्ही पाण्यावर सोडला. ओहोटी होती. तो थोडा घुटमळला आणि मग गेला. दिसेनासा होईपर्यंत आम्ही उभे होतो. तिने मला विचारलं, "तिथे पुरलं तेव्हा माती मऊ होती का?"

मी म्हटलं, "मऊ होती." खरंच होती. हे तिने मला आधी कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

उरलेल्या नारळांचं तांडेलाने दूध काढलं आणि लंकेतल्यासारखा भात केला. करपवला. लंकेत असाच करतात काय, असं तांडेलिणीने विचारलं. "असाच," तो म्हणाला, "फक्त चांगला." तरी आम्ही सगळा संपवला.

परत चाळीत आलो. बाया जमल्या, दर्शन कसं झालं विचारायला. मी गप्प, कारण मला खोटं येत नाही आणि खरं सांगितलं तर भांडण. हिने काकीच्या हातात झबलं ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "काकी, रामेश्वरापर्यंत नाही पोहोचलो. मुंबईतच होतो, कफ परेडला. झबलं समुद्राच्या पाण्याला लावून आणलंय. आणि एक नारळ आमच्या पहिल्याच्या नावाने सोडला. त्याचे केस खूप होते, काकी. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

 काकी झबल्याकडे बघत होती. मीठ सुकून ते कडक झालं होतं. मग तिने हिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "समुद्र काय दोन आसत? एकच तो." आणि खाली बसून म्हणाली, "सांग बाय. कसो होतो?"

हिने पुन्हा सगळं सांगितलं. मुठीपासून तिळापर्यंत.

ते झबलं पुढे आमच्या थोरलीने घातलं, मग धाकटीने. कोणी विचारलं मुलं किती, की ही सांगायची तीन. शाळेत पोरींची नावं घालायला गेली तेव्हाही तीनच सांगितली, मास्तर गोंधळले. आयुष्यभर तीन.

लंका राहिली. गिरणी होती, मग गिरणी गेली, पोरींची लग्नं, माझं ऑपरेशन. मधे कधी वाळलेले बोंबील आणले की ती म्हणायची, "चला, कोलंबोला जाऊन येऊ." एवढंच. तांडेल गेला, तांडेलीण गेली. मलबार हिलच्या त्या बाकावर आम्ही म्हातारपणीही जायचो, उजव्या बाजूला बसायचो. शेवटच्या आजारात तिला बोलता येत नव्हतं. मी हात धरला तर तिने डावी मूठ घट्ट मिटली आणि उजवी उघडून माझ्या हातात ठेवली. तिला काही सांगायचं होतं, की नुसती नस आखडली होती, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले नस. असेल.

परवा मुलगी पुन्हा आली. सोबत माझ्या व्हिसाचे कागद. त्यात प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी म्हटलं, "लिही, फिरायला." तिने लिहिलं. जॉबर हवा होता बघायला.

"आणि बाजारातून दोन नारळ आण," मी म्हटलं. "लालबागच्याच बाजारातून. शेंडीवाले."

"बाबा, श्रीलंकेला नारळ? तिथे पावलोपावली नारळ आहेत. विमानात लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. तिथले नकोत. इथलेच पाहिजेत. एक आईचा."

तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि दुसरा दादाचा ना?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ती उठून डोळे पुसत आत गेली आणि बाहेर आली तेव्हा समोरच्या खुर्चीत बसली. मी तिला उठ म्हटलं नाही.